जी मोकळी असेल ती

१

सर्व्हर बसवायचा म्हणजे आधी खोली झाडायची, हे सुरुचीला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे, समाजाच्या हॉलमागे मंडळाचं ऑफिस होतं. एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीच्या जाळीत केमिकल कंपन्यांच्या वासासकट बसलेली धूळ. कोपऱ्यात पंगतीची पातेली, एकावर एक रचलेले चौरंग. भिंतीवर माजी अध्यक्षांचे हार घातलेले फोटो, सगळे पुरुष. टेबलाला हात लावला की बोटं चिकटायची. सुरुचीनं नाकाला ओढणी बांधली आणि घासायला घेतलं. मनातल्या मनात ती त्या फोटोंतल्या एकेकाला शिव्या घालत होती.

मशीन हरिचंद्र काकांनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून उचललं होतं. हरिचंद्र काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मंडळाचे सचिव. समाजातली अर्धी लग्नं त्यांनी जमवलेली.

"सेकंड हँड हाय, पन माल कडक हाय. शेठनं स्वतः सांगितलं."

"मग शेठ काय सांगणार होता? सडका आहे, नेऊ नका?"

काका हसले. पुतणीचं बोलणं ते मनावर घ्यायचे नाहीत, आणि याचाच सुरुचीला जास्त राग यायचा.

काम तसं अवघड नव्हतं. समाजातल्या सगळ्या घरांची नाती एका ग्राफ डेटाबेसमध्ये भरायची, म्हणजे कोण कोणाचं काय लागतं ते क्षणात कळेल. काकांना तिनं सोपं करून सांगितलं, "प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. प्रत्येक नातं म्हणजे एक रेघ. दोन ठिपके दाखवले की मशीन रेघांवरून चालत जातं आणि सांगतं, यांचं नातं आहे की नाही."

"म्हंजे रांगोली."

"रांगोळी म्हणा."

ती हे फुकट करत होती, आणि समाजसेवा म्हणून नव्हे. तिच्या धाकट्या बहिणीला, सईला, बदलापूर गावातलं स्थळ आलं होतं. सई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मुलगा अभिजीत, बंगला, गाडी, जमीन. घरात सगळे पाघळले होते. सुरुचीनं काकांना पकडलं होतं, "आणि जवळचं नातं निघालं तर?"

"निघालं तर मी स्वतः मोडीन. माझा शब्द."

त्या एका शब्दासाठी ती ही घाण उपसत होती.

तिनं मेमरी किती द्यायची ते ठरवलं, पोर्ट ठरवला, सर्व्हरनं कसं वागायचं ती कॉन्फिग फाइल लिहिली. अडलं ते ओळखीवर. कुठला ठिपका कोणाचा, हे मशीनला कशावरून कळावं? मंडळानं गोळा केलेल्या माहितीत पुरुषांच्या जन्मतारखा होत्या. बायकांच्या नव्हत्या.

"बायकांची तारीख कोन ठेवतंय?" काका म्हणाले. "नाव आनि घर. बस."

"बस का? बरं, बस तर बस." तिनं नियम घालून दिला. नाव तेच आणि घर तेच, तर बाई तीच.

"पन सुरे, एकाच घरात कवा कवा एका नावाच्या दोघी..."

"मग ती तुमची चूक, काका. माझी नाही." आणि तिनं एंटर दाबलं.

२

माहिती भरून झाल्यावर समाज पडद्यावर उमटला. खरंच रांगोळीसारखा. क्षणभर तिलाही बरं वाटलं. मग खालच्या कोपऱ्यात तिला एक गच्च काळं दिसलं. गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशा एका ठिपक्याला रेघा लागल्या होत्या.

तिनं तो मोठा केला. नाव वेणू. घर बदलापूरचं, अभिजीतचंच.

वेणू अभिजीतच्या बापाची बायको होती. चुलत्याचीही. आजोबांची, पणजोबांची, त्यांच्याही वरच्याची. त्याच ठिपक्यातून निघून त्याच ठिपक्यात शिरणारी एक रेघ होती. वेणू स्वतःचीच सासू आणि स्वतःचीच सून.

सुरुची खदखदून हसली. "काका, या बाईनं अख्खं घर केलंय!"

काका हसले नाहीत. "त्या घरात सुनेचं नाव वेणूच ठेवत्यात. पयल्यापासून."

"सगळ्यांचं?"

"सगल्यांचं. पद्धत हाय."

"म्हणजे सईचं पण? बी.एस्सी. झालेली मुलगी आणि नाव वेणू?"

"नावानं काय व्हतंय? आपल्याकडं सून आली का नाव बदलतेच. तुझ्या आईचं नाय बदललं?"

आईचं माहेरचं नाव काय होतं? सुरुचीला पटकन आठवेना. ते न आठवण्याचा रागही तिनं काकांवरच काढला. "किळसवाणं आहे हे," ती म्हणाली आणि कामाला लागली. ठिपका फोडला. प्रत्येक वेणूला वेगळा क्रमांक, वेगळा नवरा, वेगळी मुलं. चूक तिच्या नियमाची होती, तेव्हा नियमही बदलला. बदल टिकतात का ते पाहायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

तेव्हा पहिल्यांदा वास आला. जळक्या तंबाखूचा.

हा वास तिला लहानपणापासून सहन व्हायचा नाही. घरी सखू आत्या होती, वडिलांची विधवा बहीण. रोज सकाळी मोरीत बसून ती मिशेरी लावायची. तव्यावर जाळलेली तंबाखूची काळी पूड, तिच्यात बुडवलेलं बोट, आणि ते बोट हिरड्यांवरून निवांत फिरत राहायचं. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेनं काळी लाळ. एकदा आत्यानं त्याच हातानं तिला जवळ घेतलं होतं, तर सुरुची तिच्या अंगावर ओकली होती.

वायर जळत असेल, तिनं ठरवलं. बटण बंद केलं, प्लग हुंगला. प्लगला वास नव्हता. मग कंपन्यांचा असेल. या भागात कुठला वास कुठून येतो ते कोणाला सांगता येतं?

उठताना तिला कीबोर्ड दिसला. एंटरच्या कळीवर काळा ठसा होता, बोटाएवढा. तिनं कागदानं पुसला. ठसा ओला होता.

चहा सांडला असेल, ती स्वतःला म्हणाली. पण आज चहा कोणी प्यायलाच नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा वेणू पुन्हा एक झाली होती.

सुरुचीचा स्वभाव तापट असला तरी डोकं थंड होतं. भुतं तिला कधी सुचत नसत, चुका सुचत. आपण जुनीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली असेल. कालचा बॅकअप परत चढला असेल. काकांनी माऊस हलवून काहीतरी दाबलं असेल. तिनं मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला. त्यात तिनं केलेल्या गोष्टींखेरीज काहीच नव्हतं.

मग तिनं सगळी दारं लावून घेतली. पासवर्ड बदलला. बाहेरून कोणाचं काही ऐकूनच घेऊ नकोस, असं सर्व्हरला फाइलमध्ये लिहून दिलं. नेटची केबल उपटली. खोलीची किल्ली काकांकडून मागून घेतली. ठिपका पुन्हा फोडला, सगळ्या वेणू सुट्या केल्या, आणि मशीन पुन्हा सुरू करून समोर बसून राहिली.

पंखा फिरायला लागला. बाहेर कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, रिक्षावाल्यांची ओरड झाली आणि मग सगळं शांत. त्या शांततेत पंख्याच्या घरघरीखालून दुसरा एक आवाज यायला लागला. किसकिस. किसकिस. कोणीतरी निवांत, घाई न करता, दातांवर बोट घासत असल्यासारखा.

पडद्यावर एकच वेणू होती.

तिनं स्क्रू काढले आणि मशीनची बाजू उघडली. पंख्याच्या पात्यांवर काळा लगदा थापला होता, ओला आणि चकचकीत. लगद्यात वळणं उमटली होती. बोटानं निपटून घेतल्यासारखी.

सुरुची दाराबाहेर जाऊन वाकली. काही पडलं नाही, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या.

"कंपन्यांची काजली हाय ती," हॉलमधून आलेले काका आत डोकावून म्हणाले. "माझ्या घरच्या पंख्यावर पन बसते."

"काजळी ओली असते का, काका?"

"हवा दमट हाय."

यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, आणि एकही उत्तर यांना स्वतःला तपासून पाहावंसं वाटत नाही. ती चिडून कापूस आणि स्पिरिट आणायला गेली.

४

रविवारी सगळे बदलापूरला गेले.

बंगला नवा कोरा होता. काचेचे कठडे, चकाकणारी फरशी, दारात दोन गाड्या. हॉलमध्ये एसी चालू होता आणि सगळं इतकं स्वच्छ होतं की सुरुचीला स्वतःच्या चपलांची लाज वाटली. अभिजीत बरा होता. जरा कमी बोलणारा, आणि सईकडे बघताना कान लाल होणारा. त्याचा धाकटा भाऊ सुजित मोबाइलमध्ये बुडालेला. सई खूश होती. ते पाहून सुरुचीला आणखीच चीड आली.

"वेणू, पाणी आन गो," अभिजीतच्या वडिलांनी आत हाक मारली.

एक बाई पाणी घेऊन आली. अभिजीतची आई. गोरीपान, हसरी, जरीची साडी. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा हाक मारली, "वेणू, चा." आता दुसरी आली. ही चुलती. उंचीला वेगळी, रंगाला वेगळी. पण ट्रे ठेवताना डावा हात पदराखाली धरण्याची लकब तीच, आणि सईकडे पाहून मान कलती करण्याचीही.

"दोघींचं नाव वेणू?" सुरुचीनं विचारलं. वडिलांनी डोळे वटारले, पण ती थांबणारी नव्हती. "मग तुम्ही हाक मारता तेव्हा कोणत्या वेणूला मारता?"

अभिजीतचे वडील गोंधळले. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"कोणती म्हंजे? हाक मारली की जी मोकळी असंल ती येते."

हॉलमध्ये हशा झाला. काका तर मांडीवर थाप मारून हसले. 

हात धुवायला ती आत गेली. पॅसेजच्या टोकाला एक बेडरूम अर्धी उघडी होती. आत एसीच्या गारव्यात वास कोंडला होता. तोच. ड्रेसिंग टेबलवर लिपस्टिक, परफ्यूम, क्रीमच्या बाटल्या नीट मांडलेल्या आणि मधोमध पितळेची एक जुनी डबी, झाकण उघडं. काळ्या पुडीत ओल्या बोटाची खूण होती.

"पाय मोडलाय ना तुझ्या खुर्चीचा?" मागून आवाज आला. अभिजीतची आई दारात उभी होती. हसत होती. "त्या हाफिसातल्या. बसलीस का डुगडुगते. पुठ्ठा घाल गो खाली, पडशील."

खुर्ची डुगडुगत होती, हे खरं होतं. काकांनी सांगितलं असेल. काका कोणालाही काहीही सांगतात.

परतताना रिक्षात सई तिच्या खांद्याला टेकली. "ताई, तुला पण आला का गं? त्या घरात काय छान वास होता."

५

मशीननं सांगितलं की सई आणि अभिजीत यांच्यात रक्ताचं नातं नाही. कुठल्याही वाटेनं नाही.

मग सुरुचीनं खोटेपणा केला. स्वच्छ, ठरवून. सईच्या पणजीपासून अभिजीतच्या पणजोबापर्यंत बहीणभावाची एक रेघ ओढली, जपून ठेवली आणि काकांना फोन केला. काका आले, चष्मा लावला. सुरुचीनं सईचा ठिपका दाखवला, अभिजीतचा दाखवला आणि विचारलं, यांच्यात काय आहे?

पडद्यावर रेघ आली. बहीणभावाची नव्हे. अभिजीतपासून निघून सरळ वेणूला गेली. नवरा, बायको.

"हे कोनी लिवलं?" काका म्हणाले.

"मी नाही."

"आजून साखरपुडा व्हायचाय. तू मशीनला पयलेच सांगून ठेवलंस?" काकांना ते शुभ वाटलं. ते खूश झाले. "बघ, तुझ्या मशीनचा पन होकार हाय."

"काका, नीट बघा. रेघ वेणूला गेलीये, सईला नाही. आणि सईकडे बघा." तिचा आवाज चढला. "सईला आई कुठाय? बाबांची रेघ आहे, माझी आहे, आईची कुठाय? मी घातली होती. काल होती!"

"मग परत घाल. तूच चुकली आसशील."

तिनं परत घातली. आईची रेघ उमटली. तिच्या डोळ्यांसमोर बाबांची गेली.

काका तोवर चष्मा पुसत होते. त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तरी दमट हवा म्हणाले असते.

घरी आली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. मोरीचा दिवा लागलेला. आत्या असेल म्हणून ती नाक दाबून पुढे निघाली, तर आत्या बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत बसली होती.

मोरीत सई उकिडवी बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. बोट हिरड्यांवरून फिरत होतं, किसकिस, किसकिस, आणि ओठाच्या कडेनं काळा ओघळ गाऊनवर उतरला होता.

सुरुचीनं तिचा हात हिसकला. डबी मोरीत पडली. "काय करतेस तू? सई! थुंक आधी!"

सईनं डोळे उघडले. झोपेतून उठल्यासारखी बघत राहिली. मग ओशाळून हसली. काळे दात. "दाढ दुखत होती गं. आत्या म्हणते, बरं वाटतं."

"मी कदी बोलले?" आत्या बाहेरून म्हणाली. "मी देईन व्हय पोरीला असली घान?"

६

लग्नाच्या आधी सुरुचीनं सईला गच्चीवर नेलं. मशीनबद्दल सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ठिपका, रेघा, लगदा. स्वतःलाच ते खुळचट वाटलं असतं.

"एक कर. बाकी काही करू नकोस," ती म्हणाली. "नाव बदलू देऊ नकोस. तांदळाचं ताट समोर आलं की हात धर अभिजीतचा. म्हण, माझं नाव सई आहे. सगळ्यांसमोर म्हण. मी आहे मागे."

"एवढंच ना?" सई म्हणाली. "म्हणीन की. मला पण ते वेणू नको झालंय." आणि तिनं लहानपणीसारखे मागून सुरुचीचे डोळे झाकले. तळहात गार होते. बोटांना वास होता.

समाजाचाच हॉल. ऑफिसच्या खिडकीला लागून मांडव. तांदळाचं ताट आलं. अभिजीतनं अंगठी घेतली आणि ताटावर वाकला. सुरुची सईच्या मागे उभी होती. तिनं सईच्या दंडाला हात लावला. बोल.

सईनं तोंड उघडलं.

सुरुचीला फक्त तिचा गाल दिसत होता. गाल हलला, जबडा हलला, शब्द तोंडात आला होता यात शंका नव्हती. पण आवाज निघाला नाही. समोर बसलेल्या अभिजीतच्या आईनं मात्र त्याच क्षणी गिळलं. घशाखाली काहीतरी सावकाश उतरताना दिसलं. तिनं पदरानं ओठ टिपले.

"थांबा!" सुरुची ओरडली. "तिला विचारा आधी! तिला नाव बदलायचं नाहीये!"

वाजंत्रीवाले थांबले. सगळ्यांनी माना वळवल्या. वडील लाजेनं काळेठिक्कर पडले. काकांनी सुरुचीचं मनगट धरलं. "चारचौघांत शोभा करतेस?"

"सई, सांग ना यांना!"

सई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं बहिणीकडे पाहिलं, मान कलती केली आणि हसली. डावा हात पदराखाली होता.

तांदळात अंगठी फिरली. वेणू. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

७

माहेरी पाचपरतावण झालं, नव्याची नवलाई संपली. घरी सगळे खूश होते. "पोरगी काय रुळली बघ," आई म्हणायची. "तिकडं काही शिकवावंच लागलं नाही म्हणतात. कुठं काय ठेवलंय, कोणाला काय लागतं, पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक."

आई तिला वेणू म्हणायला लागली होती. सुरुचीनं एकदा ताट आपटलं. "तिचं नाव सई आहे." आई तिच्याकडे पाहत राहिली, नाव ओळखीचं वाटावं पण नक्की कोणाचं ते लागू नये, तशी.

त्या दुपारी सुरुची पुन्हा ऑफिसात गेली. किल्ली तिच्याकडेच होती. कुलूप उघडलं, तर आत मशीन चालू होतं. ती बंद करून गेली होती. खोलीत इतका दाट वास होता की जिभेवर चव लागली.

तिनं डुगडुगणारी खुर्ची ओढली आणि सईला शोधलं.

मशीन म्हणालं, अशी कोणी नाही.

वेणूचा ठिपका आता खूप काळा दिसत होता. सुरुचीनं कीबोर्ड पुढे ओढला आणि हुकूम लिहिला. वेणू, तिच्या सगळ्या रेघांसकट, पुसून टाक. याला काही डोकं लागत नाही. एक ओळ. फोडलेला ठिपका परत जुळत असेल, तर फोडायचा कशाला? खरवडून टाकायचा. मोरीतले आत्याच्या मिशेरीचे डाग ती खरवडायची तसा.

एंटरवर बोट ठेवलं, आणि सवयीनं शेवटची एकदा तपासणी केली. पुसण्याआधी काय पुसतोय ते बघायचं, एवढं ती शिकली होती. वेणूच्या रेघा खाली खाली सरकवत गेली. नवरे, सासवा, सुना, मुलं. सगळ्यात तळाला नव्या रेघा होत्या. वडील, तिच्या बाबांचं नाव. आई, आईचं नाव.

बहीण, सुरुची.

 सई गेली नव्हती. सई त्यात होती. तिला वेगळी काढणारी एकही खूण उरली नव्हती, आणि जन्मतारखेची ती पहिली खूण सुरुचीनंच नाकारली होती. नाव तेच, घर तेच, तर बाई तीच.

"ताई, जेवलीस का गं?"

८

दारात ती उभी होती. हिरवी साडी, हातभर चुडा, डबा. चाल सईची. गालावरची खळी सईची. ती आत आली, खिडकीखाली पडलेला पुठ्ठ्याचा तुकडा उचलला, वाकून खुर्चीच्या पायाखाली सरकवला. खुर्ची डुगडुगायची थांबली.

"सई," सुरुची म्हणाली.

"हं?"

उत्तर आलं, पण जरा उशिरा. आत कुठेतरी, लांबच्या खोल्यांतून हाक फिरत जाऊन जी मोकळी होती तिनं ओ दिल्यासारखं.

"सई."

"हं." हा आवाज जाडा होता, मधल्या वयाचा.

"सई, मी आहे. तुझी ताई. सई!"

"काय गो बाय?" हा आवाज कोणाचा होता ते सुरुचीला कळलं नाही. घशात कफ असलेली, खूप म्हातारी कोणीतरी.

ती हसली. पुढचा दात किंचित तिरका होता, सईचाच. लहानपणी जिन्यावरून पडली होती तेव्हाचा. त्या दातांच्या मागे आणखी दात होते. झिजलेले, काळे. आणि त्यांच्या मागे, अंधारात...

सुरुचीनं मान फिरवली. पडद्याकडे पाहत राहिली. हुकूम तिथेच होता. बोट एंटरवरच होतं. दाबलं की हे सगळं संपलं. आणि तिरक्या दाताची सईही.

"तुला पण बघतोय आम्ही," मागून आवाज आला. गार तळहात हळूच तिच्या डोळ्यांवर आले, लहानपणीसारखे. "सुजित भावजींसाठी. आपण दोघी एकाच घरात. तू म्हणायचीस ना, लग्न झालं तरी आपण एकत्र राहायचं?"

हे ती म्हणाली होती. गच्चीवर, सई शाळेत असताना. दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे सई आत होती आणि तिला आठवत होतं.

डोळ्यांवरच्या हातांखाली सुरुची रडायला लागली. आणि तिनं बोट उचललं. एंटर न दाबता.

हात बाजूला झाले. पदराची सळसळ दारापर्यंत गेली. "डबा खा. गार व्हईल," कोणीतरी म्हणालं, आणि पावलं मांडवाच्या मोकळ्या अंगणातून लांब गेली.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. सुरुचीनं डोळे पुसले. एंटरवरून उचललेल्या बोटाला काळं लागलं होतं, ओलं आणि दाट. ते बोट तिला ओढणीला पुसायचं होतं. साबणानं धुवायचं होतं, स्पिरिटनं घासायचं होतं, कातडी निघेपर्यंत.

ती त्याच्याकडे बघत राहिली. वास आला, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.